उभी गाडी आणि उंदीर

माल बाजारात पोहोचला, की पिकअप गाडी गोठ्यालगतच्या छपरात उभी राहते. पावसाळ्यात तर आठवडेच्या आठवडे. शेजारी कडब्याची गंजी, पलीकडे धान्याची पोती. मग एके दिवशी गाडी सुरू होत नाही, आणि बॉनेट उघडावे तो आत तारांचे तुकडे व चिंध्यांचे घरटे! दोष उंदराला दिला जातो. आमच्या मते दोष जागेचा आहे.

उंदीर, घूस व खार यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात; म्हणून कुरतडणे त्यांना भागच असते. इंजिनाजवळ आडोसा आणि चार पावलांवर दाणा असला, तर तारेवरचे वेष्टन त्यांच्या दातांखाली येणारच. दोन उघड्या तारा एकमेकींना भिडून ठिणगी पडली, तर शेजारची गंजीही पेटावयाची.

बॉनेटखाली झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवण्याची चाल आम्हांस मुळीच पसंत नाही. थोडे खाऊन आजारी पडलेला उंदीर पुन्हा त्याला शिवत नाही. कोंबडी वा कुत्रे मात्र प्राणास मुकते. त्यापेक्षा गाडी गंजीपासून दूर, मोकळ्या व झाडलेल्या जागी उभी करावी. हौद्यात सांडलेले दाणे काढून टाकावेत. दोन-तीन दिवसांआड बॉनेट उघडून पाहावे व गाडी थोडी फिरवावी. महिनाभर हलणार नसेल, तर बॅटरीची तार सोडवून ठेवावी. बंद खोली असल्यास झरोक्यांना ६ मिलिमीटरहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी लावावी. मांजर असल्यास उत्तमच. पण सारी भिस्त तिच्यावर ठेवू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी शिवारफेरी करताना अशी छपरेही अवश्य पाहावीत.