परीक्षा भरलेल्या गाडीवर हवी

मालमोटारचालकासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्र शासनाने २०१९ साली रद्द केली, हे योग्यच झाले. क्लीनर म्हणून उमेदवारी केलेल्या, घाट आणि गाडी दोन्ही ओळखणाऱ्या माणसाला शाळेच्या दाखल्याअभावी अडविण्यात अर्थ नव्हता. मात्र त्या दाखल्याची जागा खऱ्या प्रशिक्षणाने घ्यावयास हवी होती. तिचे काय झाले?

वयाची वीस वर्षे आणि हलक्या वाहनाचा वर्षभर जुना परवाना, एवढ्यावर शिकाऊ परवाना मिळतो. पुढे प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र लागते. मान्यताप्राप्त केंद्रांसाठी २०२१ च्या नियमांनी सहा आठवड्यांत ३८ तासांचा पाठ्यक्रम ठरविला आहे. पण प्रमाणपत्र नुसते शुल्क भरूनही पदरात पडते, हे परिवहन कार्यालयाबाहेरच्या चहावाल्यालाही ठाऊक असते! परीक्षा तरी कशी? रिकामी गाडी, सपाट मैदान, चार-दोन वळणे. भरलेली गाडी कसारा घाट उतरताना कोणत्या गिअरमध्ये ठेवावी, ब्रेक तापून निकामी का होतात, हे तेथे कोण विचारतो? डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारेही परवानाधारकच असतात.

परीक्षा भरलेल्या गाडीवर, घाटरस्त्यावर घ्यावी. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव परवान्यावर छापावे, म्हणजे अपघातानंतर चालकाबरोबर तिलाही जाब विचारता येईल.