पुलीचा बोल्ट आणि मालकाचा अधिकार

घरच्या घरी मोटारीचा टायमिंग बेल्ट बदलू पाहणाऱ्या गृहस्थाची खरी कसोटी क्रँकशाफ्टच्या टोकावरील पुलीचा बोल्ट काढताना लागते, असा सार्वत्रिक समज आहे, कारण वर्षानुवर्षे जखडलेला तो बोल्ट साध्या पान्याला दाद देत नाही. परंतु माझ्या मते तो सोडवण्यापेक्षा पुन्हा आवळण्याचे कार्य अधिक जोखमीचे असून त्याविषयीच आपल्याकडे कमालीची अनास्था आहे.

आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो, आणि पूर्वस्थितीस येऊ पाहणाऱ्या त्या पोलादाच्या ओढीने पुली शाफ्टवर दाबून धरली जाते. फिरण्याचा भार मुख्यतः या दाबातून उत्पन्न होणारे घर्षण वाहते, तर खाचेतील चावी पुलीला तिच्या योग्य स्थानी बसवण्यापुरती असते. दाब उणा पडला की पुली सूक्ष्मपणे डुलू लागते आणि प्रत्येक धक्क्यासरशी चावी व खाच झिजत जातात. १९९० आणि १९९१च्या आरंभीच्या माझदा मियाटा गाड्यांमध्ये, जेथे शाफ्टचे पुढचे टोक आखूड होते, हीच व्याधी बळावून कित्येकांचे शाफ्ट निकामी झाले. काही इंजिनांत तर चावीच नसते, टायमिंगचे चाकही केवळ घर्षणाच्या भरवशावर असते. ते सरकले तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिनाचा नाश होऊ शकतो.

एकोणीसशे नव्वदच्या दशकातील होंडाच्या कित्येक इंजिनांना या बोल्टसाठी १८० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर विहित होता, म्हणजे ६० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी सुमारे ३० किलो वजनाचा भार. अन्य काही इंजिनांत बोल्ट आधी ठरावीक जोराने आवळून मग ९० अंश फिरवावा लागतो, व एकदा काढलेला बोल्ट पुन्हा वापरण्यास मनाई असते. लावलेल्या जोराचा सुमारे नऊ-दशांश हिस्सा आट्यांतील आणि बोल्टच्या डोक्याखालील घर्षणातच खर्ची पडत असल्यामुळे आट्यांना तेल लावावे की ते कोरडे ठेवावे, या क्षुल्लक भासणाऱ्या प्रश्नानेही अंतिम ताणात मोठी तफावत पडते. अशा ठिकाणी अनुभवी मिस्त्रीच्या हातालाही, त्याच्याविषयी पूर्ण आदर बाळगून म्हणतो, टॉर्क रेंचची जागा घेता येणार नाही.

पण रेंच हाती असूनही आकडा ठाऊक नसेल तर काय उपयोग? तो बहुधा मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत नसतो, कारखान्याच्या दुरुस्ती-दस्तऐवजात असतो. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र दुरुस्तीकारांपासून रोखल्याबद्दल दंड ठोठावला, आणि २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळही उघडले. माझी मागणी याहून एक पाऊल पुढची आहे: ज्याने पूर्ण किंमत मोजून वाहन आपल्या नावे केले, त्याला प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टचा जोर, कोन आणि तेलाविषयीचा नियम विनामूल्य व मराठीत मिळावा, आणि सरकारने तशी तजवीज वाहनविक्रीच्या अटींतच करावी. तोवर वाचकांना विनंती एवढीच, की आपल्या इंजिनाचा अधिकृत आकडा, आणि आवश्यक असेल तेथे नवा बोल्ट, हाती आल्याखेरीज त्या पुलीला पाना लावू नये.