अकरा महिन्यांचा पेठकर

जगात माणसं तीन प्रकारची असतात. स्वतःचं घर असलेली, स्वतःचं घर नसलेली आणि पुण्याच्या सदाशिव पेठेत भाड्याने राहणारी. पहिली माणसं मिळकतकर भरतात, दुसरी भाडं भरतात. तिसऱ्या प्रकारच्या माणसाला भाड्याबरोबर इतिहासही भरावा लागतो.

मी महिना २२ हजार रुपये भाडं भरतो. माझ्या अंदाजाने त्यातले दहाएक हजार दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एका दमेकरी नळाचे असावेत. उरलेले बारा हजार पेशव्यांचे. हा हिशेब मला मालकांनीच शिकवला. जागा दाखवताना त्यांनी खोल्या दोन मिनिटांत उरकल्या आणि गॅलरीत उभं राहून पाऊण तास हातवारे केले. "हा इकडे शनिवारवाडा, ही तुळशीबाग, तो खुन्या मुरलीधर, पलीकडे भिकारदास मारुती." मी भीत भीत विचारलं, "पाणी किती वेळ असतं?" त्यावर ते म्हणाले, "अहो, पाण्याचं काय विचारता? नानासाहेब पेशव्यांनी थेट कात्रजहून पाणी आणलं होतं शहरात!"

आणलं होतं, हे खरंच आहे. अठराव्या शतकात, विजेचा पंप नसताना, कात्रजच्या तलावापासून शहरातल्या हौदांपर्यंत नुसत्या उतारावर पाणी खेळवलं, ही थोर कामगिरी आहे. तेच पाणी तळमजल्याच्या टाकीतून तिसऱ्या मजल्यावर चढवणं मात्र आमच्या मालकांना वीज, पंप आणि माझे २२ हजार हाताशी असूनही जमलेलं नाही. पण नानासाहेबांच्या कर्तबगारीचं भाडं तेच घेतात. मला एवढंच विचारायचं आहे, की ते कोणत्या नात्याने?

गॅलरीतून विसर्जनाची मिरवणूक दिसते म्हणून भाडं हजाराने जास्त आहे. मिरवणुकीच्या दिवशी त्या गॅलरीत मालकांची बहीण, मेहुणे, त्यांची व्याही मंडळी आणि एक दुर्बीण असते. मी आतल्या खोलीत बसून ढोल ऐकतो. ऐकण्याचे पैसे अजून लावलेले नाहीत, याबद्दल मी ऋणी आहे.

रात्री दहाला खालचं दार बंद होतं. ज्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने ही पेठ आहे, ते १७६१ साली पानिपताहून परत आलेच नाहीत. तेव्हापासून या पेठेने उशिरा घरी येणाऱ्यांचा धसका घेतलेला दिसतो.

पण हे सगळं मी सोसतो. दाराचं सोसतो, नळाचं सोसतो, जिन्यातल्या "चपला ओळीत काढाव्यात, ओळ भिंतीला समांतर असावी" या पाटीचंही सोसतो. माझं भांडण आहे ते अकरा या आकड्याशी.

माणसाचं वर्ष बारा महिन्यांचं असतं. शाळेचं, पगाराचं, कॅलेंडरचं आणि अधिक महिना आला तर तेरा महिन्यांचंसुद्धा असतं. अकराचं वर्ष फक्त भाडेकरूचं. दर अकरा महिन्यांनी मालक चष्मा लावून माझ्याकडे नव्याने बघतात, भाडं दहा टक्क्यांनी वाढवतात, एजंट एका महिन्याचं भाडं दक्षिणा म्हणून घेतो आणि माझी बायको भिंतीवर खिळा मारायचा विचार पुन्हा अकरा महिने पुढे ढकलते. आमच्या लग्नाचा फोटो चार करार झाले तरी कपाटात उभा आहे. कोपऱ्यावरचा वाणी सभ्य आहे, पण उधारीची वही काढण्याआधी तोही विचारतो, "तुमचं कधीपर्यंत आहे?" हा प्रश्न इतर गावांत फक्त डॉक्टरला विचारतात.

अकराच का, असं मी मालकांना विचारलं. "कायदा आहे," ते म्हणाले. एजंट म्हणाला, "पद्धत आहे." शेवटी माझ्या एका वकील मित्राने खरं काय ते सांगितलं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती कटकट चुकवायला कुणा हुशार माणसाने बारातून एक वजा केला. ठीक आहे, वजाबाकी बरोबर होती. पण १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या ५५ व्या कलमाने आपल्या राज्यात असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की एका महिन्याचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. म्हणजे जी कटकट चुकवायला अकरा जन्माला आला, ती आता अकरातही चुकत नाही. तरी अकरा चालूच! मांजर कधीच मेलं, पण श्राद्धाच्या दिवशी टोपलीखाली झाकायला दरवर्षी मांजर शोधून आणणारी माणसं आपण.

आता मालकांची बाजू. ती मी टाळणार नाही, कारण ती खरी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने पुष्कळ भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दराला खिळवून ठेवली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे नुसत्या लायसन्सवर राहत होते, त्यांनाही कायद्याने भाडेकरू ठरवलं. तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या बिऱ्हाडातले आजोबा आजही महिना ८८ रुपये भाडं देतात. जिना एकच, गळका पन्हळ एकच, नानासाहेबही एकच. ८८ रुपयांत मालकांनी कौलं शाकारायची तरी कशी? पेठेतले कितीतरी वाडे असेच वाशांतून खचले. मालकांच्या वडिलांचं तोंड दुधाने पोळलं, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण मालक, ताक किती वर्षं फुंकायचं? आजचा लिव्ह अँड लायसन्सवाला कायद्याने भाडेकरू होतच नाही. मुदत संपली आणि तो उठला नाही, तर २४ व्या कलमाने त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. पाच वर्षांचा करारसुद्धा रीतसर नोंदवता येतो, दरवर्षीची वाढही त्यात आधीच लिहून ठेवता येते. म्हणजे तुमचं घर पाच वर्षांनीही तुमचंच राहतं. आजोबांचे ८८ रुपये मी भरून काढतोय, तेही एक वेळ चालेल. पण आजोबांची भीतीसुद्धा माझ्याच डोक्यावर का?

तुम्ही म्हणाल, एवढा त्रास आहे तर जा की लांब, जिथे नळाला पाणी आणि गाडीला जागा आहे तिथे. जाईन की! आमच्यासारखे जातातच. मग पेठेत राहतं कोण? मालकांची मुलं परगावी किंवा परदेशी. उरलेल्या खोल्यांत कॉट बेसिस. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला लांबलांबच्या जिल्ह्यांतून आलेली पोरं एकेका खोलीत कॉटला कॉट लावून झोपतात, अभ्यासिकेत दिवस काढतात आणि निकाल लागला की, किंवा नाही लागला की, निघून जातात. त्यांच्यातलंच कुणी उद्या जिल्हाधिकारी होऊन येईल आणि मालक अभिमानाने सांगतील, "आमच्याकडे राहायचे!" आज मात्र त्या पोराने दुसऱ्यांदा आंघोळीला पाणी घेतलं म्हणून पाटी लागते.

ज्या इतिहासाचं आपण भाडं घेतो, तो घडला कसा, हे एकदा आठवून पाहावं. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात. ती जागा फुल्यांची नव्हती. तात्याराव भिड्यांनी आपला वाडा दिला आणि देशाच्या इतिहासात एक पान वाढलं. कल्पना करा, तात्यारावांच्या जागी आमचे मालक असते तर? "मुली? किती? रोज येणार? चपला कुठे काढणार? आणि पाठांतर मोठ्याने नको, दुपारी एक ते चार आम्ही झोपतो. अकरा महिन्यांचं बघू, पुढचं पुढे." भिडे वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला, आता तिथे स्मारक व्हायचं आहे. पण वाडा पडला तरी तात्यारावांचं नाव राहिलं, ते वाडा दिल्यामुळे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. भाडं कमी करा असं मी म्हणत नाही. पेठेत राहून तसं म्हणण्याइतका मी वेडा नाही. अकरा काढा आणि साठ लिहा, एवढंच. साठ महिन्यांत माणूस वाण्याच्या वहीत जातो, मतदारयादीत जातो, गणपतीच्या वर्गणीत जातो आणि खालच्या दाराची किल्ली मागण्याइतका निर्ढावतो. अशीच माणसं पेठ जिवंत ठेवतात. नुसत्या गॅलरीतून हात दाखवून इतिहास दिसेल, घडणार नाही.

ता. क. हा लेख मी मालकांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि म्हणाले, "मुद्दा पटला. साठचं करू. मात्र लेखक राहतात म्हणून ही जागा आता ऐतिहासिक झाली, तेव्हा भाडं..."