स्वतंत्र संशोधक आणि सरकारी नोंदवही

काशीचा दुर्गाघाट मराठी माणसाला परका वाटत नाही. ब्रह्माघाट आणि पंचगंगा यांच्या लगतच्या या वस्तीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. काही वर्षांपूर्वी तेथे एका परिचितांकडे उतरलो होतो. पहाटे त्यांच्याबरोबर घाटाच्या पायऱ्या उतरताना मी पाण्याच्या शुद्धतेचा विषय काढला. ते म्हणाले, "अहो, गंगेच्या पाण्यात पटकीचे जंतू जगत नाहीत, हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे."

त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. आग्र्याला सरकारी सेवेत असलेल्या अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्याचा पटकीच्या जंतूंवर मारक परिणाम होतो असे प्रसिद्ध केले होते. परंतु पाण्यात काय शक्ती आहे हा एक प्रश्न, आणि त्यात रोज काय मिसळते हा दुसरा. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे. म्हणजे दक्षिणेकडच्या घाटांवर नदीत जे मिसळते, ते वाहत उत्तरेकडच्या दुर्गाघाटापर्यंत येते. हा दुसरा प्रश्न मोजमापाने सोडवायचा असतो. तो मोजण्यात ज्यांनी आयुष्य घालविले ते प्राध्यापक वीरभद्र मिश्र याच काशीचे.

मिश्र हे संकटमोचन मंदिराचे महंत आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. सांसर्गिक रोगांचे ते डॉक्टर नव्हेत. तरी कावीळ, विषमज्वर, अतिसार हे रोग ज्या वाटेने पसरतात, ती वाट त्यांनी तपासली. १९८२ मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले. पुढे तुळशीघाटावर संस्थेची स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे नदीच्या पाण्यातील मलजन्य जिवाणूंची संख्या नियमित मोजली जाऊ लागली. स्नानाच्या पाण्यात ही संख्या १०० मिलिलिटरमागे ५०० च्या आत असावी असा दंडक आहे. त्यांच्या नोंदींतील आकडे त्याच्या कितीतरी पटींनी अधिक असत. तरीही ते स्वतः रोज गंगेत स्नान करीत. श्रद्धा आणि मोजमाप यांपैकी एकाचा त्याग त्यांनी केला नाही.

१९८६ मध्ये गंगा कृती योजना सुरू झाली. मिश्र यांचे आक्षेप तांत्रिक आणि स्पष्ट होते. सांडपाणी उपसणारे पंप विजेवर चालतात. वीज गेली की घाण पाणी थेट नदीत जाते. शिवाय योजनेत निवडलेल्या शुद्धीकरण पद्धतीने पाणी वरवर स्वच्छ दिसले तरी रोगजंतूंचा पुरेसा नाश होत नाही. म्हणून उताराने वाहणारी गटारे आणि तलावांच्या मालिकेतून शुद्धीकरण असा पर्याय त्यांनी सुचविला. १९९९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्यांचा गौरव केला. २००९ मध्ये राष्ट्रीय गंगा नदी खोरे प्राधिकरण स्थापन झाले तेव्हा त्यांना तज्ज्ञ सदस्य म्हणून घेण्यात आले. १९८२ पासून मोजले तर सत्तावीस वर्षे! २०१३ मध्ये ते निवर्तले.

प्रशासनातील माझ्यासारख्याला येथे एक जुने उदाहरण आठवते. १८५४ मध्ये लंडनला पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो पोटासाठी भूल देण्याचे काम करीत आणि पदरमोड करून साथीचा अभ्यास करीत. पटकी पाण्यातून पसरते हे त्यांचे मत तेव्हा बहुतेकांना अमान्य होते. जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातील विल्यम फार यांनाही ते पटले नव्हते. दूषित हवेने साथ येते असे ते मानीत. तरीही मृतांचे पत्ते त्यांनी स्नो यांना उपलब्ध करून दिले. इतकेच नव्हे, तर पटकीने मृत्यू झालेल्या घरात पाणी कोणत्या कंपनीचे येते, हे नोंदविण्याची सूचना त्यांनी दक्षिण लंडनच्या निबंधकांना दिली. पुढे १८६६ च्या साथीत फार यांनी स्वतःच पाण्याचा दोष दाखवून दिला. स्नो यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र आदर्श वाटतो तो फार. आपल्याला न पटणाऱ्या माणसाला त्याने वही उघडून दिली.

मी तसे केले नव्हते. एका जिल्ह्यात मी असताना गॅस्ट्रोची साथ आली. एका निवृत्त शिक्षकाने वस्तीनिहाय रुग्णांची यादी मागितली. नळाची गळती आणि रुग्णांची घरे यांचा त्यांना नकाशा करायचा होता. "माहिती गोपनीय आहे" या टिपणीवर मी सही केली. नावे वगळून यादी देता आली असती, हे मला सुचले नाही. खरे सांगायचे तर, त्यातून आपलीच चूक निघेल ही भीतीही मनात होती. गळती सापडली, पण बऱ्याच दिवसांनी. त्या दिवसांत जे आजारी पडले त्यांचा हिशेब कोणत्याही फाइलमध्ये नाही.

आता २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, २००४ पासून रोग सर्वेक्षणाची देशव्यापी व्यवस्थाही आहे. परंतु कायद्याने अर्जदाराला उत्तर मिळते, संशोधकाला सहकारी मिळत नाही. म्हणून माझ्या सूचना अगदी साध्या आहेत. साथ चालू असतानाच, नावे वगळून, वस्तीनिहाय नोंदी अभ्यासकांना ठरावीक मुदतीत द्याव्यात. बाहेरच्या प्रयोगशाळेने पाण्याचा प्रतिकूल अहवाल दिला तर तो दप्तरी दाखल करून त्याचे कारणांसह लेखी उत्तर द्यावे. आणि ज्या विभागाचे काम तपासायचे, त्याच्याच आकड्यांवर निर्णय होऊ नये.

स्वतंत्र संशोधकाला पदोन्नती नसते, निवृत्तिवेतन नसते. त्याच्याजवळ असते ती केवळ सातत्याने ठेवलेली नोंद. ती वाचण्याचे काम आपले आहे. दुर्गाघाटावर पहाटे स्नानाला उतरणारा माणूस कोणत्याही विभागाचा अहवाल वाचून उतरत नाही. तो अहवाल कुणीतरी वाचला असेल या विश्वासाने उतरतो.