हरणाच्या चित्राची सुरी अन् आपलं बोकड

आखाड तोंडावर आलाय. गावोगाव कंदुऱ्या होतील, बोकडं पडतील. अन् मोबाईलवर सुऱ्यांच्या जाहिरातींचा पूर आलाय. गेल्या आठवड्यात भावकीतल्या एका पोरानं २,४९९ रुपयांचा सेट मागवला. सहा सुऱ्या, चामड्याचं म्यान, अन् डब्यावर शिंगाळ्या हरणाचं चित्र.

आता हे हरिण कुठलं, ते समजून घ्या. अमेरिकेत परवाना काढून हरिण मारतात, टांगून घरीच सोलतात, त्यांच्यासाठी हा माल. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हरणाला हात लावता येत नाही. काळवीट रानातली ज्वारी खाऊन गेलं तरी आपण पंचनामाच करायचा. म्हणजे जनावर त्यांचं, चित्र त्यांचं, पैसे मात्र आपले.

बरं, तिकडचा जाणता माणूस तरी सहा सुऱ्या वापरतो का? नाही. हरिण काय अन् बोकड काय, अंगाची बांधणी एकसारखीच. पुढचा पाय बरगडीला हाडानं जोडलेलाच नसतो, नुसत्या मासानं धरलेला असतो. बगलेत सुरी फिरवली की पाय हातात येतो. मागचा पाय खुब्याच्या सांध्यातून सुटतो. कातडं सोलताना पायावर अन् पोटावर चीर दिली की पुढचं काम मुठीचं. सुरी जास्त चालवली की कातड्याला भोकं पडतात. पोट फाडताना धार वर अन् टोकापाशी दोन बोटं, म्हणजे आतडं फुटत नाही. एवढ्या सगळ्याला पाच-सहा इंची अरुंद पात्याची एक सुरी पुरते. नळ्या तोडायला एक सत्तूर. बाकीच्या चार सुऱ्या पेटीत गंज खातात.

त्या सेटवरची लाटांची नक्षी बघून लोक भुलतात. स्वस्त मालात ती नक्षी नुसती वरवर उमटवलेली असते, तिचा धारेशी काडीचा संबंध नाही. खाली असतं मऊ स्टेनलेस. एका बोकडाच्या आतच धार बसते. मग पोरगं जोर लावतं, अन् जोर लावला की हात घसरतो. त्या पोराच्या अंगठ्याला चार टाके पडले. मूठ गुळगुळीत, पुढं बोट अडवायला नाक नाही, हाताला चरबी लागलेली. असल्या मुठीवर दुसरं काय होणार?

आमच्या बाजाराच्या गावाला घिसाडी लोक रस्त्याकडंला भाता लावून बसतात. बाई घण मारते, बाप्या ऐरणीवर पातं फिरवतो. त्यांच्याकडं मोडक्या ट्रकचा कमानपाटा नेऊन द्या. त्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, म्हणून ते पाणी धरतं. लाल तापलेल्या पात्याला चुंबक चिकटंना झालं की तेलात बुडवायचं, मग परत थोडं शेकायचं, नाहीतर काचेसारखं तडकतं. मला सुरी अन् सत्तूर मिळून सहाशेला पडले. मूठ बाभळीची. आता गंजतं म्हणाल, तर हो, गंजतं. सोड्याच्या गरम पाण्यानं धुवा, पुसा, शेंगदाण्याचं तेल लावा. एवढाही कंटाळा असंल तर खाटीक वापरतो तसली प्लॅस्टिक मुठीची साधी सुरी घ्या. लाकडापेक्षा ती मूठ धुवायला सोपी, हे मी मान्य करतो.

धारेचं सांगतो, कारण खरी फसवणूक तिथंच होते. "आमची सुरी कधीच पाजवावी लागत नाही" असं जाहिरातीत म्हणतात. साफ खोटं. हार्डवेअरच्या दुकानातून दोन बाजूंचा निसणा आणा, एक बाजू जाड, एक बारीक. इंचभर रुंद पात्याची पाठ अर्धं बोट उचलायची अन् दोन्हीकडून सारखं घासायचं. ग्राइंडरवर मात्र देऊ नका. धार निळी पडली की पाणी उतरलं समजा. मग ती सुरी भाजी चिरायला ठेवा.

आता साहेब लोकांना दोन शब्द. शेळीपालनाच्या प्रशिक्षणात आम्हाला गोठ्याची मापं सांगितली, लसी सांगितल्या, चारा सांगितला. सुरी कशी धरायची, कशी पाजवायची, यावर पाच मिनिटं नाहीत. शेवटच्या दिवशी एक विक्रेता आणून उभा केला अन् त्यानं सेटची पावतीपुस्तकं काढली. त्याच जागी भाता घेऊन एक घिसाडी बसवला असता तर तीस पोरांना पोलाद कळलं असतं अन् त्या माणसाला दिवसाची मजुरी मिळाली असती. पुढच्या तुकडीला एवढं करा. भात्याला कोळसा मी देतो.