विसरा म्हणणे सोपे आहे

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. बाजाराने ती त्याआधीच संपवली होती आणि निवडणुकांनी तर त्याहूनही आधी. राहिली ती घरे. ज्या घरातला कर्ता माणूस एप्रिल २०२१ मध्ये रुग्णवाहिकेत बसून गेला आणि परत आला तो केवळ एका दाखल्याच्या रूपाने, त्या घराची महामारी कोणी संपवली? त्या घराला आपण सर्वांनी मिळून एकच उपदेश केला : "झाले गेले विसरा, कामाला लागा." उपदेशामागचा हेतू चांगला असेल, पण उपदेश निर्दय आहे आणि त्याने अपाय होत आहे, हे स्पष्ट सांगण्यासाठी हा लेख.

माणूस गेला की आपल्याकडे तेरा दिवस घर एकटे सोडत नाहीत. शेजारचे पिठले-भात आणून देतात. लांबचे नातलग येऊन बसतात. येणारा प्रत्येक जण तेच विचारतो : "कसे झाले हो?" आणि घरातली बाई तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगते. यात कोणाला वेळेचा अपव्यय दिसत असेल, तर त्याला आपल्या रीतिरिवाजांतले शहाणपण कळलेले नाही. सांगता सांगताच दुःख सोसवू लागते. मानसोपचारतज्ज्ञ ज्याला आज समुपदेशन म्हणतात, त्याचा मोठा भाग आपल्या आळीने शतकानुशतके फुकट केला.

महामारीने नेमकी हीच व्यवस्था मोडली. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा आली. कित्येकांना चेहराही पाहायला मिळाला नाही. खातेगांवची माणसे अस्थी घेऊन नेमावरला नर्मदेवर जातात, तेथेही चार माणसे जमणे धोक्याचे झाले. निर्बंध आवश्यक होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की निर्बंध उठल्यावर राहून गेलेले ते तेरा दिवस आपण कोणालाच परत दिले नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे मनाचे आजार म्हणजे श्रीमंत देशांची चैन; आपल्यासारख्या विकसनशील देशात पोटाची चिंता मोठी, उदास व्हायला वेळ कोणाला? हा आक्षेप आकड्यांपुढे टिकत नाही. महामारीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंताविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. आपल्या देशात २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्यांची नोंद झाली होती. २०२१ मध्ये ती १,६४,०३३ वर गेली. त्यांपैकी ४२,००४ जण रोजंदारीवर जगणारे होते. म्हणजे दर चारांत एक. प्रत्येक मृत्यूला महामारीच कारण, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण गरिबाला मन नसते, असे यापुढे कोणी म्हणू नये.

मे २०२० आठवा. सेंधव्याजवळ बिजासन घाटात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर, हजारो मजूर उन्हात खोळंबले होते. त्याच महिन्याच्या ८ तारखेला औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले आपल्या राज्याचे सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्यांची बातमी तरी झाली. जे चालत घरी पोचले, ज्यांनी वाटेत सोबती गमावले, त्यांना पाय कसे आहेत हे विचारले गेले. रात्री झोप लागते का, हे कोणी विचारले?

दुसरा आक्षेप : काळ हेच औषध. या बाबतीत तरी देवास जिल्ह्याने दुसऱ्यांकडून शिकण्याची गरज नाही. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने जर्जर होऊन देवासला आले. पुढली काही वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. ते पुन्हा गायले, ते नुसता काळ गेला म्हणून नव्हे. औषध मिळाले, शुश्रूषा मिळाली आणि लवकर उभे राहण्याचा तगादा कोणी लावला नाही, म्हणून. फुप्फुसाला जी सवड आपण समजून देतो, ती मनाला द्यायला का कचरतो?

तिसरा आक्षेप सरकारी आहे : योजना आहेत ना! आहेत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आणि जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून आहे. परंतु २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण ०.०५ निघाले, म्हणजे वीस लाखांमागे एक. केरळात तेच १.२ होते. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १५ लाख ६३ हजार होती. त्या हिशेबाने पुरा एक तज्ज्ञही आपल्या वाट्याला येत नव्हता. महामारी आली ती अशा उघड्या घरावर. बाणगंगेचे मानसिक चिकित्सालय इंदूरला, येथून शंभर किलोमीटरहून लांब. रोजंदारी बुडवून, आजाऱ्याला बसमध्ये बसवून, महिन्यातून एकदा तेथे कोण जाणार?

आई-वडील गमावलेल्या मुलांसाठी राज्याने २०२१ मध्ये कोविड बाल सेवा योजनेतून दरमहा ५,००० रुपये दिले. ते हवेच होते. पण वडिलांविषयी त्या मुलाशी बोलायला एक माणूसही नेमावा, हे योजनेच्या केंद्रस्थानी कधी आले नाही.

आता आपल्या मराठी घरांविषयी. खानदेशातून किंवा विदर्भातून लग्न होऊन माळव्यात आलेली बाई चाळीस वर्षे बाजारहाट हिंदीत करते. दुःख मात्र मराठीतच करते. "जीव घाबरा होतो," "छातीत धस्स होते," "कशातच राम वाटत नाही." दवाखान्यात तिचा मुलगा त्याचे "घबराहट" करून सांगतो आणि तिला आम्लपित्ताची गोळी मिळते. शिवाय ज्या मुलाच्या काळजीने ती झुरते, तोच दुभाषा. त्याच्यादेखत ती काय बोलणार? दोन भाषांत राहणाऱ्या जिल्ह्यांचे हे खास दुखणे आहे आणि कोणत्याही अहवालात ते सापडणार नाही.

वर आपला प्रतिष्ठेचा रोग आहेच. मधुमेह चारचौघांत मिरवतो. नैराश्य मात्र लपवायचे, कारण धाकटीचे लग्न व्हायचे आहे. मग देवऋषी चालतो, उतारा चालतो, "नजर लागली" चालते. फक्त डॉक्टर चालत नाही. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क केला, तरी घरच्यांनी कडी लावली तर कायदा दाराबाहेरच उभा राहणार.

शाळांनीही हात झटकू नयेत. २०२१ मध्ये आपल्या मंडळाने दहावी-बारावीच्या परीक्षा रद्द करून निकाल शंभर टक्के लावला. त्या वर्षी दुसरा मार्ग नव्हता. प्राथमिक शाळा त्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत बंद राहिल्या. तेव्हाची लहान मुले आज हायस्कूलच्या बाकांवर आहेत. हजेरी घेताना दचकणारा, परीक्षेच्या सकाळी पोट धरून बसणारा, घरी जायला नको म्हणून शाळा सुटल्यावर रेंगाळणारा विद्यार्थी प्रत्येक मुख्याध्यापकाच्या परिचयाचा आहे. त्याला "आळशी" म्हणणे सोपे आहे, कारण आळशासाठी छडी आहे. दुःखी मुलासाठी वेळापत्रकात तास नाही.

म्हणून मागणे तीनच. तहसिलीच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक ठरलेला दिवस मनाच्या आजारांसाठी असावा आणि त्या दिवशी औषधे तेथेच मिळावीत. प्रत्येक हायस्कुलात एका शिक्षकाला या कामाचे प्रशिक्षण आणि त्यासाठी मोकळा वेळ मिळावा. तिसरे मागणे सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे; तेथे मराठीतही बोलता येते. दुधाचा हिशेब जेथे लिहिता, त्या भिंतीवर हा आकडाही लिहून ठेवा. आजीला तो स्वतः फिरवता आला पाहिजे.

आणि या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन जाल, तेव्हा २०२१ मध्ये जिथे जाता आले नाही, त्या घरी आधी जा. ताट ठेवून लगेच उठू नका. "कसे झाले हो?" असे विचारा आणि मग मध्ये न बोलता ऐका. उशीर झाला आहे, पण ते विचारण्याची मुदत संपलेली नाही.