काळं पाणी कुंडीत?

अहिल्यानगरजवळच्या बुरूडगावसारख्या कचरा डेपोत पावसाळ्यात ढिगाखालून काळपट, उग्र वासाचं पाणी पाझरतं. त्यात अमोनियाच्या रूपात नत्र असतो, पालाशही. पण क्षार आणि शिशासारखे जड धातूही असू शकतात. म्हणून पिकाला ते नकोच. प्रक्रिया आणि तपासणी करून, भरपूर पातळ करून शोभेच्या झाडांना द्यायचं, एवढीच वाट उरते. क्रोटन कोणी ताटात वाढून घेत नाही!

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला असं काळं पाणी खतासाठी वापरण्याचा उद्योग अगदीच परका नाही. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५० चा. पुढे कारखान्यांना जोडून आसवन्या, म्हणजे अल्कोहोलचे कारखाने, आल्या. मळीपासून लिटरभर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर तांबूस-काळा स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, निघतो. तो प्रेसमडच्या, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाच्या, लांबट ढिगांवर फवारायचा, यंत्राने ढीग उलथायचे, की काही आठवड्यांत कंपोस्ट तयार. मात्र ढिगांखालचं अस्तर फाटलं, तर तोच स्पेंटवॉश शेजारच्या विहिरीत उतरतो.